बापूरावांना दाखवून घ्या

पुण्यात कुठलीही वस्तू एकट्याने विकत घ्यायची पद्धत नाही. तंबोरा घ्यायचा तर मिरजेला चार वेळा जाऊन आलेला कुणीतरी बरोबर लागतो. हापूस घ्यायचा तर ज्याची आत्या देवगडला दिली आहे असा माणूस पेटीत नाक घालून "हं, चालेल" म्हणेपर्यंत आपण पाकीट काढायचं नाही. फ्लॅटच्या बाबतीत तर ज्यांनी उभा जन्म वाड्यातल्या दोन खोल्यांत काढला तेच पूर्व-पश्चिम सांगायला येतात. जुन्या सायकलीसाठी बापूराव असतात.

हे नाव मी सोयीसाठी ठेवलंय. नारायण पेठेत ते एका नावाने राहतात, कोथरुडात दुसऱ्या. साताऱ्यात आणि सांगलीतही त्यांची ठाणी आहेत असं ऐकून आहे. चेहरे बदलतात, झोळी तीच. आपण कट्ट्यावर नुसतं "एक जुनी सायकल बघतोय" म्हणायचा अवकाश, की दोघे-तिघे एका सुरात सांगतात, "घाई करू नका. आधी बापूरावांना दाखवून घ्या." आणि मग बापूरावांना बोलवावंही लागत नाही. त्यांचाच फोन येतो. "काय हो, सायकल बघताय म्हणे? पानशेतच्या आधीची की नंतरची?"

हा त्यांचा पहिला प्रश्न. परगावच्या माणसाला तो उगाच वाटेल, पण त्यात शास्त्र आहे. 12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधल्या हजारो सायकली गाळात गेल्या. गाळातून काढून, पुसून, रंग मारून पुन्हा उभ्या केलेल्या सायकली नंतर कित्येक वर्षं फिरत होत्या. वरून ठाकठीक, आत फ्रेमच्या नळीत गंज. त्यामुळे 1961पूर्वीची कुठलीही पुणेरी सायकल बापूराव आधी पूरग्रस्त समजतात, निर्दोष असल्याचं तिने सिद्ध करायचं.

बापूराव साठीच्या पलीकडचे. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, पायात सँडल, खांद्याला शबनम. शबनममध्ये पाने, पेचकस, बॅटरी, भिंग, जुना टूथब्रश, औषधाच्या बाटलीत थोडं रॉकेल आणि एक चुंबक. चुंबक कशाला, असं कुणीतरी विचारावं म्हणून तो ते सगळ्यात वर ठेवतात. हँडलखाली फ्रेमवर जो कंपनीचा बिल्ला असतो तो मूळचा पितळेचा आहे की मागाहून कुणी पत्र्याचा ठोकलाय, ते त्यावरून कळतं. पितळेला चुंबक चिकटत नाही. आपण हे पाचवीत शिकलेलो असतो, पण बापूराव चुंबक लावून, तो खाली पडू देऊन, मान हलवतात तेव्हा आपणही श्वास रोखून बघतो.

येतात मात्र ते बिनगिअरच्या स्कूटरवरून. गुडघे. बरं, घरी तरी किती सायकली असतील? एकही नाही. त्यांच्या आयुष्यात सायकलींचे दोनच प्रकार झाले: ज्या दुसऱ्याला घेऊन दिल्या त्या, आणि ज्या 'सोडल्या' त्या. सोडलेल्यांची यादी ते डोळे मिटून सांगतात. नगरला एका वकिलाकडची सनबीम, फ्रेमला सोनेरी रेघा, चेन तेलाच्या बंद पेटीत. भोरची रज. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसएने बनवलेली घडीची सायकल तर त्यांनी खडकीला हाताने उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिली होती. का सोडली? "पंपाचे खिळे बदललेले होते हो." रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात ते सकाळीच हजर असतात. तिथून संध्याकाळी त्यांच्या हाती एखादी घंटीची वाटी नाहीतर मागच्या दिव्याची लाल काच असते. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय झालं तेव्हापासून पाहुणे आले की बापूराव त्यांना आधी तिथे नेतात, सारसबाग नंतर. बाहेर पडेपर्यंत आणखी चार अनोळखी माणसं त्यांच्या मागे लागलेली असतात.

आमच्या ओळखीतल्या एका आजींचा शनिवार पेठेतला वाडा पाडायला निघाला आणि पोटमाळ्यावरची सायकल खाली आली. हंबर. आजींचे यजमान हपिसात हेडक्लार्क होते. त्यांनी स्कूटरसाठी नाव नोंदवलं होतं. तेव्हा मुलाच्या बारशाला नोंदवलेली स्कूटर त्याच्या मुंजीला येई, म्हणून मधल्या काळाची सोय करायला त्यांनी 1969 साली सायकल घेतली. आणि नेमका नंबर लागला. कसा लागला ते आजींनाही कळलं नव्हतं, पण लागला. सायकल चार-दोन वेळा लक्ष्मी रस्त्याला जाऊन आली असेल तेवढीच. मग ती गोणपाटात गुंडाळून वर गेली आणि तिथेच राहिली.

"म्हणजे वापरलेलीच नाही!" मी बापूरावांना फोनवर उत्साहाने म्हणालो.

"अरे देवा," बापूराव म्हणाले.

पडून राहिलेली सायकल म्हणजे नवीच की, असं आपल्याला वाटतं. बापूराव वाटेत स्कूटर चालवत, मान मागे वळवून, हा समज मोडून काढतात (आणि मागे बसलेल्याचा धीरही). वापरातल्या सायकलीला रोज हवा भरली जाते, महिन्या-दोन महिन्यांनी तेलाचा थेंब मिळतो, वर्षाकाठी एखादं ओव्हरऑइलिंग होतं. पडून असलेलीला काहीच नाही. रबर न वापरताही मरतं. टायरच्या कडांना बारीक चिरा जातात, ट्यूब आतून टायरला चिकटून बसते, ब्रेकचे रबर लाकडासारखे होतात. हबमधलं ग्रीस मेण होऊन छर्रे जागच्या जागी धरून ठेवतं. सीटचं कातडं तडकतं. बाहेरून काही दिसत नाही, कारण बाहेरून ती नवीच असते. "माणसांचंही असंच असतं," असं म्हणून ते पुढे एका निवृत्त मित्राचं उदाहरण देणार होते, पण समोरून बस आली.

आजींनी दार उघडलं. चहा आधी टाकलेलाच होता. सायकल ओसरीवर भिंतीला टेकून उभी, अंगावरचं गोणपाट नुकतंच काढलेलं. काळा रंग धुळीखालूनही चमकत होता.

"भंगारवाला सहाशे म्हणत होता," आजी म्हणाल्या. "तुम्ही काय द्यायचे ते द्या. डोळ्यांसमोरून गेली म्हणजे सुटले. महिनाअखेरीला जागा रिकामी करून द्यायचीय."

ह्या वाक्यावर समंजस माणूस खिशात हात घालतो. बापूरावांनी झोळीत घातला.

पाना काढून त्यांनी सीटखालचा बोल्ट ढिला केला आणि सीट दोन्ही हातांनी धरून हलकेच फिरवून पाहिली. हलली. मग त्यांनी ती दांडी बोटभर वर ओढली, पुन्हा खाली सोडली आणि हुश्श केलं. मी 'काय झालं?' अशा अर्थाने पाहिलं. जुन्या सायकलीत सगळ्यात लबाड दुखणं हे: सीटची दांडी फ्रेमच्या नळीत गंजून धरते. एकदा धरली की रॉकेल पाजा, हातोडा मारा, देवाचं नाव घ्या, येत नाही. चाक बदलता येतं, चेन बदलता येते, पण ही दांडी निघाली नाही तर सीट पहिल्या मालकाच्या उंचीला जन्मभर राहते. मग त्यांनी पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवलं. मधे कुठे खट् करून अडत नाही ना, ते बघायला. डोळे मिटलेले. आजी चहाचा कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. ह्यावेळी बोलायचं नसतं हे त्यांना न सांगता कळलं होतं.

इथपर्यंत बापूरावांसारखा माणूस बरोबर असणं हे भाग्यच म्हणायला हवं. अडचण पुढे येते.

बापूरावांनी टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि चेनव्हील घासायला घेतलं. काळी मळी ओघळली. आणि खालून, निकेलच्या चकचकाटात, एकेक करून पाच माणसं बाहेर आली. चेनव्हीलच्या नक्षीत कोरलेली, हात-पाय ताणलेली, गोल धरून उभी.

"वहिनी!" बापूराव ओरडले. "इकडे या. हे काय आहे ठाऊक आहे तुम्हाला?"

वहिनींना ठाऊक नव्हतं.

"बगळा रॅलेचा. तीन बंदुका बीएसएच्या, कारण ती मुळात बर्मिंगहॅमची बंदुकांची कंपनी. आणि ही माणसं हंबरची! मोजा, पाच आहेत."

आजींनी चष्मा लावून मोजली. "अगबाई! खरंच की. ह्यांनी कधी दाखवली नाहीत मला." त्या पुन्हा वाकल्या. मग सरळ होताना त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं आणि म्हणाल्या, "तसं बघायला गेलं तर तीन हजारांना घेणारं कुणीतरी असेलच, नाही का?"

मी बापूरावांना कोपराने डिवचलं. त्यांना वाटलं, मला पुढचं ऐकायचंय.

"आणि हा फोर्क पाहिलात? इतर सायकलींना चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते. हिला दोन-दोन. जुळी! ही हंबरची खासियत. 1932मध्ये रॅलेने हंबरचा सायकलींचा व्यवसाय घेतला, तरी ही जुळी नळी टिकली. एवढं मोठं नाव, पण रॅलेनेही पुसलं नाही."

पाच हजार.

त्यानंतर त्यांना मागच्या मडगार्डजवळ महापालिकेचा बिल्ला सापडला. त्या काळी सायकलवर कर होता, तो भरला की असा पत्र्याचा तुकडा मिळायचा, आणि नसला की पोलीस अडवायचा. रात्री दिवा नाही म्हणून, डबलसीट आहे म्हणून, बिल्ला नाही म्हणून; एका सायकलीवर तीन गुन्हे सहज बसायचे. बापूरावांनी बिल्ल्यावरचं साल भिंगातून वाचून दाखवलं आणि त्यावरून स्वतःला अलका टॉकीजपाशी पकडलं होतं ती गोष्ट काढली. गोष्ट संपेपर्यंत आजींनी बंगळूरच्या नातवाला फोन लावला होता.

नातू कॉम्प्युटरवाला. त्याने तिकडून एकच विचारलं, "आजी, इंग्लंडची आहे का बघ. इंग्लंडची असली तर बाराच्या खाली देऊ नकोस."

आता माझी एकमेव आशा बापूरावांच्या ज्ञानावर होती. त्यांनी बॅटरी मारली, सीटखालच्या नळीवरचं पुसट ट्रान्सफर थुंकी लावून हलक्या बोटाने पुसलं, भिंग धरलं. "मेड इन इंडिया," ते म्हणाले. मी सुटकेचा श्वास सोडला. हंबर, रॅले, रज ही नावं तेव्हा आपल्याकडे आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात बनत होती. आयातीवर निर्बंध होते आणि 1969मध्ये हेडक्लार्कला नॉटिंगहॅमची सायकल मिळाली असती तर घरावर धाड आली असती.

आजींचा चेहरा पडला. बापूरावांना ते बघवलं नाही.

"वहिनी, वाईट नका वाटून घेऊ. इंग्लंडच्या ढिगाने मिळतात. ज्याच्याकडे होती त्याने जपून ठेवली. आपल्याकडची जपतो कोण? दूधवाल्याकडे गेली, पेपरवाल्याकडे गेली, भंगारात गेली. आसनसोलची इतकी कोरी हंबर मी तर आजवर पाहिली नाही. ती दुर्मीळ म्हणायची की ही?"

फोन अजून चालूच होता. नातवाने सगळं ऐकलं.

बापूरावांवर लबाडीचा आरोप कुणी करू शकणार नाही. ते कुणाकडून दलाली घेत नाहीत, पेट्रोलचे पैसे घेत नाहीत. चहाचा दुसरा कपसुद्धा साखर कमी आहे ना ते विचारून घेतात. त्यांची वेदना एकच: चांगली वस्तू कुणी कमी लेखलेली त्यांना सोसत नाही. तिची किंमत समोरच्याला पटेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. ती किंमत कुणाच्या खिशातून जाणार, हा त्यांच्या लेखी तपशील आहे. ज्याला सायकलीतलं काही कळत नाही अशा मेव्हण्याला घेऊन मी गेलो असतो तर हंबर हजारात घरी आली असती. पण मग सीटची दांडी धरलेली निघाली असती. ह्या दोन्हींतलं काय परवडतं, ते ज्याचं त्याने बघावं.

नऊ हजारांना सौदा झाला, पंपासकट. जिन्यावर बापूराव म्हणाले, "फुकटात मिळाली." आणि दोन पायऱ्या उतरून, "मी असतो तर वहिनींना आणखी दोन दिले असते."

पुढचा मुक्काम मिस्त्रीकडे. पडून असलेल्या सायकलीचा खरा सौदा इथे होतो. झाडाखाली पत्र्याची टपरी, फांदीला टांगलेल्या रिमा, पंक्चर बघायची पाण्याची घमेली. मिस्त्रीने सायकल उलटी करून चाक फिरवलं. दोन वेढे मारून ते थकून थांबलं. "काका, रोजची चालवलेली आणली असती तर दोनशे रुपयांत काम होतं," तो म्हणाला. "ही बसून मेलीय." टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, चारी बाजूंचे छर्रे, चेन. एक सुख एवढंच की अठ्ठावीस-दीडचा टायर अजून आपल्याकडे कुठल्याही दुकानात मिळतो. काळ्या सायकलीवरून दूध-पेपर टाकणारी मंडळी आहेत तोवर मिळत राहील.

मिस्त्री आणि बापूराव ह्यांचं जुनं वैर आहे. मिस्त्रीला काम संपवायचं असतं, बापूरावांना ते बघायचं असतं. पायडलच्या दांडीतून कॉटर काढायची वेळ आली तेव्हा ते उघड झालं. कॉटर ही बोटाएवढी लोखंडी खुंटी. ती पायडलची दांडी आसाला घट्ट धरून ठेवते, आणि पन्नास वर्षं धरून ठेवली की सोडायचं विसरते. मिस्त्रीने नट ढिला केला आणि हातोडा उगारला.

"थांब! नट पूर्ण काढू नको, आट्यांच्या टोकाशी आणून ठेव. खाली लाकूड दे. रॉकेल सोड आणि रात्रभर ठेव."

"रात्रभर? काका, मला अजून सहा गाड्या आहेत."

"मग मी थांबतो."

मिस्त्रीने एक ठोका दिला. कॉटर सुटली. बापूरावांच्या तोंडावर आनंद आणि अपमान एकदमच दिसले. मिस्त्रीने कॉटर उचलून रद्दीच्या डब्यात टाकली, बापूरावांनी ती परत काढून रुमालात बांधली. "मूळची आहे," ते मला म्हणाले. नंतर मिस्त्रीने सहज विचारलं, "रंग मारून देऊ का? नवीकोरी दिसेल." त्यावर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की त्या फ्रेमवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या होत्या आणि बापूराव त्या मिस्त्रीला आता बिनरंगाचा म्हणतात.

बिल सायकलीच्या निम्मं झालं. संध्याकाळी चाकं सळसळत फिरली, मिस्त्रीने आऊट काढून दिला, घंटी खणखणली. मी टांग मारणार तेवढ्यात बापूरावांनी हँडल धरलं.

"हे काय? कुठे निघालात?"

"घरी. उद्या हिच्यावरून मंडईत जाईन म्हणतो."

"चालवणार तुम्ही ही?" त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "अहो, चालवायचीच होती तर लुधियानाची नवी हीरो घ्यायची. पाच-सहा हजारांत आली असती. हिला चालवून काय करणार? रिमेचं निकेल जाईल. सीट बसेल. मंडईत कुणीतरी स्टँडवर ढकलेल, माणसांना ओरखडा येईल." माणसं म्हणजे चेनव्हीलवरची. "तुमच्याकडे माळा आहे ना?"

मी चालवत घरी गेलो. ते स्कूटरवरून मागे-मागे आले, हळू, उजवीकडून झाकून, म्हणजे रिक्षाने घासू नये. कोपऱ्यावर मी ब्रेक दाबला तेव्हा त्यांनीही डोळे मिटल्यासारखं मला वाटलं, आणि स्कूटर चालवताना ते बरं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडईतून मेथी आणि सुरण घेऊन बाहेर आलो, तर सायकलीभोवती घोळका. चोरी झाली की काय म्हणून मी धावत गेलो. मधोमध बापूराव उकिडवे बसलेले, हातात टूथब्रश. त्यांच्याभोवती एक हमाल, दोन कॉलेजची मुलं, एक जुडी घेतलेल्या बाई आणि गाडी बाजूला लावून आलेला टेंपोवाला.

"बगळा रॅलेचा," बापूराव सांगत होते. "तीन बंदुका बीएसएच्या."

"विकायचीय का, काका?" टेंपोवाल्याने विचारलं. "माझ्या सासऱ्यांकडे अशीच एक वर पडलीय. तळेगावला."

बापूरावांची मान वळली. "हंबर?"

"नाव नाही बघितलं."

"फोर्कला एक नळी की दोन?"

"ते काय माहीत नाही. पण चालवलेली नाही कुणी."

"पानशेतच्या आधीची की नंतरची?" बापूरावांनी विचारलं आणि तळेगावला पानशेतचं पाणी गेलं नव्हतं हे लक्षात येऊन स्वतःच हसले. मग झोळीतून डायरी काढून त्यांनी टेंपोवाल्याचा नंबर उतरवून घेतला. मी पिशवी कॅरिअरला अडकवायला पुढे झालो.

"जरा बाजूला व्हा ना," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्या लोकांना माणसं दिसत नाहीयेत."